मागच्या खोलीतला केर

१

बडोद्यात सयाजीगंजमध्ये छातीच्या विकारांचा एक दवाखाना आहे. तिथं मी एकवीस वर्षं श्वासाच्या तपासण्या करते आहे. समोरच्याच्या नाकाला चिमटा लावायचा, नळी तोंडात धरायला द्यायची आणि म्हणत राहायचं, "खोल घ्या. आता सोडा. सोडा, सोडा, अजून, अजून." मराठीत, गुजरातीत, हिंदीत. दिवसाला वीस-बावीस माणसं. संध्याकाळी कुणी जिना चढून घरी आलं, की त्याचा श्वास माझ्या कानात आपोआप मोजला जातो. माझी मुलगी सानवी म्हणते, "मम्मी, तू माणसांकडे बघतच नाहीस, ऐकतेस."

हे आधी सांगितलं, कारण पुढचं ऐकून लोक म्हणतात, मोहना, तुला भास झाला असेल. असेलही. पण आवाजाच्या बाबतीत मी सहसा चुकत नाही.

आईचं घर कारेलीबागेत. सोसायटीतलं जुनं बैठं टेनामेंट, शेजारच्या घराशी एक भिंत सामाईक. पुढं बैठकीची खोली, मग स्वयंपाकघर, त्याला लागून बाथरूम आणि अगदी मागं, मोकळ्या जागेवर बाबांनी नंतर बांधून घेतलेली एक खोली. तिला स्लॅब नाही. वर सिमेंटचे नालीदार पत्रे, आणि उन्हाची झळ लागू नये म्हणून पत्र्यांखाली तसल्याच सिमेंटच्या सपाट पाट्यांचं छत. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. आई एकटी राहते. पंचाहत्तरीची आहे, गुडघे गेलेत, जिद्द गेलेली नाही.

मांजलपूरचा फ्लॅट सोडून आईकडे राहायला जायचं आम्ही ठरवलं ते मागच्या डिसेंबरात. मागची खोली सानवीला अभ्यासासाठी द्यायची होती. सानवी नऊ वर्षांची. मी एका पत्र्याच्या आणि एका पाटीच्या तुटक्या कोपऱ्यांवर पाणी मारून नखाएवढे तुकडे काढले, दोन-दोन पिशव्यांत बंद केले आणि तपासायला दिले. चार दिवसांनी रिपोर्ट आला. ॲस्बेस्टॉस. पत्र्यांतही आणि पाट्यांतही.

मला नवल वाटलं नाही. असल्या धुळीत तीस वर्षं काम केलेली माणसं माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून गेली आहेत. नळीत फुंकताना ती कुठं थांबतात ते मला ठाऊक आहे.

२

रमणभाई नावाच्या ठेकेदारानं आधी हसूनच घेतलं. अख्खं बडोदं याच पत्र्यांखाली झोपतं म्हणाला. "बेन, आखुं बरोडा आनी नीचे सूए छे. कोईने कंई थयुं?"

"झालं की नाही ते वीस वर्षांनी कळतं, रमणभाई. कधी चाळीस वर्षांनी."

मग मात्र त्यानं सगळं ऐकलं. मी कागदावर लिहूनच दिलं होतं. पत्रा फोडायचा नाही, ड्रिल लावायचं नाही, वरून फेकायचा नाही. आधी साबणाचं पाणी फवारायचं, मग बोल्ट कापून अख्खा पत्रा उतरवायचा. जाड प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळून चिकटपट्टी मारायची आणि घातक कचऱ्याच्या जागेवर पोचवायचा. माणसांना अंगभर पांढरे सूट आणि नीट बसणारे मास्क. आणि झाडू अजिबात नाही. कोरडा झाडू मारला की बारीक तंतू हवेत उठतात आणि तासन्‌तास तरंगत राहतात. जे काही पडेल ते ओल्या फडक्यानं टिपायचं आणि फडकंही पिशवीत टाकायचं.

"सावरणी नहीं, झाडू नहीं," रमणभाई मान डोलवत म्हणाला.

"कोणत्याही परिस्थितीत नाही."

स्वयंपाकघरातून मागच्या खोलीत जायचं दार त्यांनी प्लास्टिकनं सील केलं. आत काय चाललंय ते दिसावं म्हणून मधोमध वहीएवढा पारदर्शक तुकडा बसवला. कामगार बाहेरच्या बाजूनं, मागच्या गल्लीतून ये-जा करणार होते. आईला मी पंधरा दिवस मांजलपूरला चल म्हणून विनवलं. ती आली नाही. विहंग, माझा नवरा, कंपनीच्या कामासाठी बाहेरगावी होता. त्यामुळं मी रजा काढून दिवसभर आईकडं थांबायची, सानवीही शाळा सुटली की तिथंच यायची. तिला ताकीद होती: पुढच्या खोलीतून आत पाऊल टाकायचं नाही.

आई स्वयंपाकघरात उभी राहून ते सील केलेलं दार बराच वेळ पाहत होती.

"अगदी बंद केलंस का गं?" तिनं विचारलं.

"अगदी बंद, आई. हवासुद्धा जाणार नाही."

तिनं फक्त प्लास्टिकवर पालथा हात ठेवला, ताप बघतात तसा.

३

पहिला दिवस तयारीत गेला. त्यांनी सामान बाहेर काढलं, फरशी ओल्या फडक्यानं दोनदा पुसली. एक वाजता कामगार जेवायला गेले. आपल्याकडं दुपारी एक ते तीन सगळं गाव झोपतं, तशी सोसायटीही झोपली. सानवी पुढच्या खोलीत चित्र रंगवत होती. आई दिवाणावर भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवलं.

सव्वादोनला मागून केर काढल्याचा आवाज आला.

सर्र. सर्र. सर्र. मऊ केरसुणीचा, कोरड्या फरशीवरचा.

मला पहिल्यांदा रागच आला. इतकं बजावून सांगितलं आणि तरी! मी पुढच्या दारानं बाहेर पडून, वळसा घेऊन मागच्या गल्लीत गेले. खोलीच्या बाहेरच्या दाराला कुलूप होतं. चावी रमणभाईकडं, आणि रमणभाई नाक्यावर जेवत होता. मी कुलूप हातात धरून उभी राहिले. इथून आवाज येत नव्हता. परत स्वयंपाकघरात आले, तोवर थांबला होता.

शेजारच्या भक्तीबेनच्या अंगणातला असणार. सामाईक भिंतीतून आवाज कुठून कसा येईल सांगता येत नाही. मी चहा गाळला.

तीन वाजता रमणभाईनं सूट चढवला आणि आत गेला. पारदर्शक तुकड्यातून मला त्याची पाठ दिसत होती. तो खोलीच्या मध्यावर थांबला. मग हातानं मला जवळ बोलावलं आणि खाली बोट दाखवलं.

स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला, उंबऱ्यापासून वीतभर अंतरावर, पांढऱ्या धुळीचा एक ढीग होता. छोटासा, ओंजळभर. वरून पडलेली धूळ पसरते. ही गोळा केलेली होती. केर एका जागी आणून ठेवावा आणि मग सुपली आणायला जावं, तशी.

"छतमांथी पड्युं हशे," बाहेर आल्यावर तो म्हणाला. मास्क काढल्यावर त्याच्या गालांवर वळ उठले होते. 

"तुमचाच कुणी माणूस आत गेला होता का?" मी विचारलं.

"अंदर कोई नथी, बेन. चावी मारी पासे छे." मग जरा थांबून म्हणाला, "अने सावरणी तो तमे ज बंध करावी छे ने?"

४

दुसऱ्या दिवशी मी दोन वाजताच स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसले. सगळे पंखे बंद होते, ते मीच बंद करायला लावले होते. एसी नाही, खिडकी नाही. प्लास्टिक ताणलेलं होतं. चारही कडांची पट्टी मी अंगठ्यानं दाबून पाहिली.

सव्वादोन.

सर्र. सर्र. सर्र. यावेळी मी मोजलं. सात फटके. मग थांबा. मग टक्, टक्. केरसुणीची टोकं सारखी करायला तिचा बुडखा फरशीवर दोनदा आपटायचा, त्याचा आवाज. पुन्हा सात.

भक्तीबेन खराटा वापरतात. त्यांची कामवाली तर लांब दांड्याचा झाडू.

सात फटके आणि दोनदा आपटणं मला माहीत होतं. कोणत्याही घरातल्या बाईची केर काढायची एक लय असते, आणि त्या घरात वाढलेल्या पोराला ती झोपेतसुद्धा ओळखू येते. मी स्टुलावरून उठले आणि पुढच्या खोलीत गेले.  आपण आता काय बघणार आहोत, हे मला नीटसं ठाऊक नव्हतं.

आई दिवाणावर उताणी झोपली होती. दोन्ही हात पोटावर. छाती वर-खाली होत होती. मिनिटाला अठरा. मी तिथंच उभी राहिले. एका कानात तिचा श्वास, दुसऱ्या कानात मागून येणारा केरसुणीचा आवाज.

आईनं बारा वर्षांत केरसुणी हातात धरली नव्हती. तिला वाकताच येत नाही.

मी स्वतःला समजावलं. इतक्या वर्षांच्या घरात आपण परत आलो आहोत, मन जुने आवाज काढून ऐकवणारच. दवाखान्यातही सुट्टीच्या दिवशी मला रिकाम्या खोलीत यंत्राची शिट्टी ऐकू येते. हे पटण्यासारखं होतं. मला ते पटलंही. एवढ्यात सानवी वहीतून मान वर न करता म्हणाली, "मम्मी, पाछळ, त्या बंद खोलीत, कोण झाडू मारतंय? कालपण मारत होतं."

त्या दुपारीही उंबऱ्यापाशी ढीग होता. कालच्यापेक्षा थोडा मोठा.

५

तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी त्यांनी आधी छताच्या पाट्या काढल्या, मग पत्रे. काम मी सांगितलं तसंच केलं. एकही पत्रा फुटला नाही. भिजलेले, करडे, लांबलचक पत्रे प्लास्टिकमध्ये गुंडाळून गल्लीत टेम्पोत चढवले, तेव्हा मला मोठं काम पार पडल्यासारखं वाटलं. आता मागच्या खोलीला फक्त चार भिंती होत्या आणि वर निळी ताडपत्री. ज्यातून धूळ पडायची तेच उरलं नव्हतं. आता काय झाडणार?

चौथ्या दिवशी सव्वादोनला आवाज आलाच.

तोपर्यंत मी एकदाही त्या पारदर्शक तुकड्याला डोळा लावला नव्हता. आवाज चालू असताना तर नाहीच. कारण विचारलं तर सांगता येणार नाही. त्या दिवशी लावला.

आत निळा उजेड असायला हवा होता, ताडपत्रीतून येतो तसा. नव्हता. पिवळं, तिरकं ऊन होतं, बाजूच्या खिडकीतून आलेलं. ती खिडकी शेजाऱ्यांनी मजला चढवल्यावर बाबांनी बुजवून घेतली होती, मी कॉलेजात असताना. वर छत होतं. पाट्या, पाट्यांमधल्या लाकडी पट्ट्या, सगळं जागच्या जागी. वरून धप्प असा आवाज झाला. पत्र्यांवर वानरं उड्या मारायची तसा. आणि पाट्यांच्या सांध्यांतून पांढरी पूड हळूहळू उन्हात उतरली. इतकी सुंदर दिसत होती ती, की मला क्षणभर दुसरं काही सुचलं नाही.

खाली एक बाई पाठमोरी, ओणवी, केर काढत होती. पदर खोचलेला, मानेवर घामानं चिकटलेले काळे केस. उलट पावली ती माझ्याकडं, दाराकडं येत होती. प्रत्येक फटक्याबरोबर तिच्या पायांभोवती धूळ उठत होती.

आणि खोलीच्या मध्यावर, फरशीवर, एक मुलगी बसली होती. तिचीही पाठच होती माझ्याकडं. निळा शाळेचा फ्रॉक, दोन वेण्या, वर बांधलेल्या लाल रिबिनी. पुढ्यात पाटी. पण ती लिहीत नव्हती. मान मागं टाकून, तोंड उघडून, जीभ बाहेर काढून ती वरून पडणारे कण झेलत होती.

मला त्याची चव आठवली. खडूसारखी, किंचित खारट. आम्ही, म्हणजे मी, त्याला चांदी म्हणायचे. चांदी पडतेय, आई, बघ.

मुलीची जीभ आत गेली. कुणीतरी बघतंय हे पोरांना पाठीतून कळतं. तिचे खांदे वळू लागले.

मी मागं सरकले ती ओट्यावर आदळले. तिचा चेहरा मी पाहिला नाही. पाहायची काही गरजही नव्हती.

६

संध्याकाळी सानवी पुढं टीव्ही बघत असताना मी आईला सांगितलं. वाटलं होतं, ती म्हणेल, वेडी आहेस का. ती मेथी निवडत होती. हात थांबले नाहीत.

"किती मोठी होती?" तिनं विचारलं.

"सहा-सात वर्षांची."

"मग दुसरीत असशील."

"आई, तुला हे माहीत होतं?"

"आवाज येतो मला. तुझे बाबा गेल्यापासून येतो. दुपारीच येतो." तिनं एक काडी मोडली. "मी काही उठून बघत नव्हते. म्हटलं, घरात केर काढतंय कुणीतरी, काढू दे."

"मला कधी बोलली नाहीस."

"तू काय म्हणाली असतीस? चल दवाखान्यात."

खरंच तेच म्हणाले असते.

तिनं मेथीची दुसरी जुडी सोडली. मग आई म्हणाली, "रोज पडायची ती पांढरी पूड. सकाळी काढलेला केर दुपारपर्यंत पुन्हा. तुझ्या बाबांच्या पुस्तकांवर, अंथरुणावर. मला घाण चालायची नाही. जेवणं झाली की मी झाडायला घ्यायचे. आणि तुला तिथंच बसवायचे. बाहेर उन्हात जाशील, गल्लीत पळशील. माझ्या डोळ्यांसमोर असावीस म्हणून बसवायचे गं."

"तुला कुठं ठाऊक होतं, आई? कुणालाच नव्हतं."

"तू मला मागच्या वर्षी सांगितलंस. सहज. पोळ्या करता करता. म्हणालीस, आई, ती खोली धोक्याची आहे, त्या धुळीनं छाती खराब होते. आणि दुसऱ्या पोळीची कणीक घेतलीस." तिनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "त्या रात्रीपासून मला झोप नाही."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो काढून घेतला, रागानं नव्हे. बोट दाखवायला. स्वयंपाकघराकडं.

"त्या बाईला काही माहीत नाही, मोहना. ती आपली झाडतेय. पण ती पोर आत आहे आणि तू दार बंद केलंस."

"आत कोणी नाहीये, आई."

"बरं," आई म्हणाली आणि पुन्हा मेथीकडं वळली.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात गेले. रजा होती, तरी गेले आणि आमच्या डॉक्टरांना म्हटलं, माझा छातीचा सीटी करायचाय. त्यांनी कारण विचारलं. मी खोलीचं सांगितलं, बाकीचं नाही. चित्रं यायला दुपार झाली.

उजव्या बाजूला, फुप्फुसाच्या आवरणावर, दोन ठिकाणी पांढरट जाडी होती. डॉक्टरांनी पेनच्या टोकानं दाखवली.

"हा आजार नाही," ते म्हणाले. "खूण आहे. काही करायचं नाही, दरवर्षी बघत राहायचं. तुम्हाला मी काय समजावणार? पण खूप जुनी आहे, मोहनाबेन. लहानपणीची."

मी हो म्हटलं. मला भीती वाटली नाही. काहीतरी जागेवर बसल्यासारखं वाटलं, आणि तेच फार वाईट होतं.

काळ्याघोड्यापाशी सिग्नलला अडकले तेव्हा घड्याळात दोन वीस झाले होते. घरी पोचले, तर पुढचं दार उघडं आणि सानवी दप्तर पाठीवर तसंच ठेवून बैठकीच्या खोलीत उभी.

"आजी आत गेली," ती म्हणाली. "कात्री घेऊन."

स्वयंपाकघरातलं प्लास्टिक वरपासून खालपर्यंत उभं कापलेलं होतं. फटीतून पिवळं ऊन स्वयंपाकघराच्या फरशीवर पडलं होतं, एक लांब, अरुंद पट्टी. त्या उन्हात कण तरंगत होते.

एक गोष्ट मला कबूल केली पाहिजे. मी आईला हाक मारली नाही, धावत आत गेले नाही. आधी शेल्फवरचा मास्क घेतला, दोन्ही पट्टे मागं ओढले, नाकावरची पट्टी दाबली. पुन्हा एकदा, व्यवस्थित दाबली. सानवीला दुसरा मास्क दिला आणि दारातच थांबवलं. एवढं सगळं केल्यावर मी फटीपाशी गेले.

केरसुणी थांबली होती.

आतून आईचा आवाज आला. हळू, समजुतीचा, शेजारणीशी बोलावं तसा. "राहू दे आता. पुष्कळ झालं. बघ, तुझ्या पोरीला घेऊन जाते मी. तू राहू दे."

 फक्त टक्, टक्. आणि मग पुन्हा, सात फटके.

प्लास्टिक हललं आणि आई बाहेर आली. तिच्या केसांवर, भुवयांवर, खांद्यांवर पांढरी पूड होती. वर ताडपत्री होती, पत्रा एकही नव्हता, तरी होती. ती एका बाजूला कलून, सावकाश चालत होती. उजवा हात खाली, जरा मागं, मूठ अर्धवट मिटलेली. लहान मुलाचं बोट धरून गर्दीतून वाट काढतात ना, तशी.

"बाजूला हो," ती मला म्हणाली. "आधी हात-पाय धुऊ दे."

मी बाजूला झाले. दारातली सानवीही भिंतीला टेकून बाजूला झाली. एका माणसाला जेवढी वाट लागते, त्याहून जास्त वाट तिनं दिली.

आई बाथरूममध्ये गेली. दार लागलं.

८

रीतसर जे झालं ते आधी सांगून टाकते. रमणभाईला मी खोटं सांगितलं की प्लास्टिक माझ्या हातून फाटलं. त्यानं नवं लावलं, स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली दोन दिवस ओल्या फडक्यांनी टिपून घेतली. हवेचे नमुने तपासले, शुद्ध आले. उतराणीच्या, म्हणजे संक्रांतीच्या आधी नवं छप्पर बसलं. त्या दिवसानंतर केरसुणीचा आवाज कुणालाही आलेला नाही. आईची तब्येत होती तशीच आहे. मला वर्षाला एकदा सीटी करायचा आहे. सानवीचं टेबल मागच्या खोलीत मांडलं आहे, ती तिथं बसते. तिचा श्वास मी रोज मोजते.

पण त्या दुपारी आई बाथरूममध्ये होती आणि मी बाहेर उभी होते, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. विहंगलाही नाही.

नळ सुरू झाला. बादली भरत होती. पाण्याच्या आवाजातून आईचं बोलणं येत होतं.

"हात पुढं कर. दुसरा. कानामागं किती ती घाण. डोळे मीट, साबण जाईल." मग, "शिंकर नाक. जोरात. अजून. थुंक. गिळू नकोस, थुंक."

सानवी मागून माझ्याजवळ आली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती खरीखुरी, गरम, माझ्या शेजारी होती.

आत कुणीतरी खोकलं. लहान, कोरडा, एकच खोकला. आईचा नव्हे. आईचे सगळे खोकले मला माहीत आहेत.

"सानू," मी म्हटलं, "भक्तीबेनकडं जा. मी बोलावेपर्यंत येऊ नकोस."

"मम्मी, आत..."

"जा."

ती गेली. पुढचं दार बंद झाल्याचं मी ऐकलं. घरात आता पाण्याचा आवाज, आईचा श्वास, मिनिटाला चोवीस, आणि आणखी एक श्वास. तो मोजायला मी सुरुवात केली आणि सोडून दिली.

नळ बंद झाला.

"मोहना," आई आतून म्हणाली, "टॉवेल आण गं."

इतक्या वर्षांत असंख्य वेळा तिनं असा टॉवेल मागितला असेल. मी कपाटातून धुतलेला टॉवेल काढला. परत येताना मास्क तोंडावर टोचत होता. तो काढून ओट्यावर ठेवला.

"आणलाय," मी म्हटलं.

कडी निघाली. दार चार बोटं उघडलं. आत वाफ होती आणि साबणाचा वास. मी टॉवेल आत धरला, आईचा हात असतो त्या उंचीवर. तो तिथं कुणी घेतला नाही. मी हात थोडा खाली नेला. आणखी थोडा.

तिथं तो घेतला गेला. बोटं बारकी होती, थंड आणि ओली. टॉवेल घेतल्यावरही त्यांनी माझं बोट सोडलं नाही.

मी दार ढकललं नाही. बोटही सोडवून घेतलं नाही.